तुनाच्या लाकडाची गिटार

सांगली,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय ऋषी,

ताईचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. ह्यांची शुगर काबूत आहे, प्रांजलची कॉलेजची परीक्षा चालू आहे. आबांशी परवा फोनवर बोलले. म्हणाले, "जानेवारीत ऋषा पेन्शनीत येतोय, म्हशीला आत्तापासनंच सांगून ठिवलंय." तिकडे थंडी पडली असेल. मफलर वेगळ्या पार्सलने पाठवला आहे, रंगावरून बोलू नकोस.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुझा आवाज आला की मी दुसरंच काहीतरी बोलत बसते. आठवडा झाला, रोज लिहायला बसते आणि कागद फाडते.

मी स्वतःसाठी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची ठरवली आहे. हसू नकोस. पंचेचाळीस पूर्ण झाली. वीस वर्षं शाळेत पोरांकडून प्रार्थना बसवून घेतल्यावर आपल्यालाही काहीतरी मोठ्यांदा वाजवावंसं वाटतं. इथे भरतेश मगदूम म्हणून आहेत, त्यांच्या दुकानात तंबोऱ्यांच्या शेजारीच गिटारी टांगलेल्या असतात. चार महिने दर शनिवारी जाते. आधी स्ट्रॅटोकास्टर नावाच्या गिटारीवर जीव जडला. अंगाला धरून बसते, आणि आवाज बदलायच्या बटणाच्या मधल्या खटक्यांवर सूर ओल्या काचेसारखा येतो. महिनाभर तीच. मग लेस पॉल वाजवली. साय धरलेल्या दुधासारखा जाड आवाज, एक सूर लावला की बराच वेळ जातच नाही. पण वजन असं की दोन गाण्यांत खांदा उतरला, आणि ती माझ्या चुका फार झाकते. शेवटी टेलिकास्टरवर आले. दिसायला नुसती फळी. बोट जरा घसरलं की सगळ्या दुकानाला कळतं. मला तीच हवी होती. क्रीम रंगाची, अमेरिकेची, तिसऱ्या खुंटीवरची.

भरतेशांची एक रीत आहे. गिऱ्हाइकाचं मन ठरलं की त्याला पाठ करून बसवतात.

"दाराकडं तोंड करा की मॅडम. लोकं गिटार डोळ्यानं ऐकतात. नाव दिसलं की कान संपला."

"माझा कान नाही संपत," मी म्हणाले.

"समदी असंच म्हणतात. बसा."

त्यांची मुलगी प्रीती वाजवणार होती. चार गिटारी, अँप्लिफायर तोच, सुरावट तीच. मी रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसले. तिसरी वाजली आणि मी हात वर केला. भरतेशांनी क्रम बदलायला लावला. या वेळी ती दुसरी आली, मी पुन्हा हात वर केला. तार छेडल्यावर सूर आधी टोकदार येत होता, आणि मग आत कुठेतरी लाकूड बोलत होतं.

"हीच," मी म्हणाले. "क्रीम रंगाची. बरोबर ना?"

प्रीती हसली. "मॅडम, वळा तर."

तुझी होती, ऋषी.

तुनाच्या लाकडाची ती तपकिरी फळी, पॉलिश उडालेलं. पंपाच्या स्टार्टरचं झाकण कापून तू केलेली पट्टी, आणि हिरव्या बटणाच्या भोकात बसवलेला आवाजाचा नॉब. मानेच्या खोबणीपाशी कानस घसरल्याची खूण. ती फळी मीच धरली होती, म्हणून तर कानस माझ्या अंगठ्यावर आली होती. मी त्या खुणेवर अंगठा ठेवला. प्रीतीनं पाणी आणलं.

भरतेश सांगत होते, सात वर्षांपूर्वी एका बँजो पार्टीवाल्यानं दुरुस्तीला आणली आणि बदल्यात दुसरी घेऊन गेला. "ही विकायची न्हाई हं मॅडम. नुसती अशी ऐकवायला आत ठेवलीय. लाकूड आमच्या मिरजेत सतारीला वापरतात तेच. पण तारांखाली आवाज पकडायचं जे येटोळं असतं, त्याची तार कुणी गुंडाळलीय ते कळंना. उघडून बघितली, तसंच दुसरं करायला गेलो, जमलं न्हाई. त्यो माणूस गावला तर मागची खोली त्याला मोकळी करून देतो. बस म्हणतो, कर असल्याच."

मग मला विचारलं, "तुमच्या वळखीचं कुणी हाय का?"

मी म्हणाले, "काय माहीत." आणि घरी आले.

तुला वडूजमधलं नानासोंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आठवतं ना? आठवतं ना, काय विचारतेय मी. दिवसा तू लोकांच्या जळलेल्या पंपाच्या मोटारी भरायचास, आणि काम संपलं की त्याच यंत्रावर केसाएवढी तार जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकाभोवती गुंडाळायचास. साताऱ्याचा ऑर्केस्ट्रा तुला घ्यायला तयार होता. लष्कराच्या भरतीला आठ दिवस राहिले होते. तू अँपमध्ये वायर घातलीस, वाजवलीस आणि म्हणालास, "ताई, तू म्हणशील ते खरं."

मी म्हणाले, "डब्यासारखा आवाज येतोय रे."

तू वायर काढलीस. दुसऱ्या दिवशी पहाटे पळायला गेलास. गिटार ऑर्केस्ट्रावाल्यांना अशीच देऊन टाकलीस.

ऋषी, ती डब्यासारखी वाजत नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं. पण नंतर मी स्वतःला असं पटवत गेले की आठवणीतसुद्धा ती मला डब्यासारखीच ऐकू यायला लागली. थोडी पातळच होती, पोराचा हात होता, पलटणीत गेला ते भलंच झालं. वीस वर्षं मी या समजुतीवर सुखानं झोपले. त्या शनिवारी पाठ करून बसले तेव्हा तिथे मला पटवायला कुणी नव्हतं. दोनदा विचारलं, दोनदा मी तुझीच निवडली.

तसं का बोलले, तर आबांनी सांगितलं होतं. म्हणाले, तो तुझं ऐकतो, तूच त्याला त्या नादातून बाहेर काढ. मी काय करणार होते? मला माफ कर.

तुझी,
ताई


द्वारा ५६ ए.पी.ओ.,
२४ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. मफलर पोचला. रंगावरून पलटणीत सगळ्यांनी मला नवरदेव केलाय.

तुझं पत्र ड्यूटीवरनं आल्यावर वाचलं. तीन येळा वाचलं. तू रडू नगंस. माफ बिफ काय न्हाई. आबांनी सांगितल्यावर तू काय करणार, त्यांच्यापुढं आईचं तरी कवा चाललं? गिटार जिती हाय ह्येच लय झालं. भरतेशशेठला सांग, तारेचं येढं किती घातलं ते मला बी ठावं न्हाई. मोजायचं यंत्र मधीच बंद पडलं व्हतं, मग हाताला भरल्यागत वाटलं तवा थांबलो.

पण आबांना मी सोडणार न्हाई. पाडव्याला फोन लावला. म्हटलं, तुमी ताईला खोटं बोलाय लावलं व्हतं का? मग म्हणाले, मला आठवंना रं. ज्या माणसाला एकाहत्तरच्या लढाईतल्या आपल्या रायफलीचा नंबर पाठ हाय, त्याला ह्ये आठवंना! मी फोन कापला. त्यांच्याच पायावर डोकं ठेवून मी भरती झालो व्हतो गं.

जानेवारीत गावाकडं येणार न्हाई. पुण्यात दोस्तांनी सिक्युरिटीची नोकरी बघितलीय, तिकडंच जाईन. आबांचा फोन मी उचलत न्हाई, तू मधी पडू नगंस. तुझ्यावर माझा राग न्हाई.

ऋषा


गाव (वडूज),
२ नोव्हेंबर

प्रिय ऋषी,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. तुझं पत्र काल आलं आणि आज पहाटेची एसटी धरून मी गावी आले. आबांच्या तब्येतीत तसं काही नाही. पण ते फार बारीक झालेत. फोन हातात धरून ओट्यावर बसले होते. मला बघून उठले नाहीत, "चहा ठेव" म्हणाले नाहीत. पहिलं वाक्य हे:

"व्हय गं संयू, मी सांगितलं व्हतं का तुला तसं?"

मी पिशवी हातातच धरून उभी.

"दहा दिस झालं, आठवून आठवून डोस्कं फुटायला आलंय. पर मी सांगितलं असंल. तू कशाला खोटं बोलशील?"

ऋषी, दुकानात वळून तुझी गिटार बघितली तेव्हा मला वाटलं होतं, याहून मोठा धक्का आता बसायचा नाही. आबा न केलेली चूक स्वतःच्या अंगावर घेऊन बसले होते, माझ्या शब्दावर. त्यांनी तो शब्द तपासलासुद्धा नाही. तूही नाही.

त्यांनी मला काहीही सांगितलं नव्हतं.

खरं काय झालं ते लिहिते. त्या दिवशी गिटार ऐकवायच्या आधी तू फ्यूज आणायला गेलास. वडूजच्या दुकानात मी, आबा आणि नानासो. आबा म्हणाले, "संयूचा कान खरा हाय. ती चांगली म्हणली तर भरती गेली उडत. जाऊ दे त्याला साताऱ्याला. ती न्हाई म्हणली, तर मात्र पळायला लागायचं." नानासो म्हणाले, "बघा हं, पोरीवर टाकताय." आबा म्हणाले, "तिच्यावर न्हाई टाकायचं तर कुणावर?"

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. त्याच्या दोन वर्षं आधी मला गाण्याच्या पुढच्या शिक्षणाला मिरजेला राहायचं होतं. गुरुजी स्वतः घरी आले होते. आबा म्हणाले होते, पोरीला लांब ठेवत नसतो. माझा कान तेव्हाही हाच होता. तो मला उपयोगी पडला नाही, आणि आता त्याच कानाच्या एका शब्दावर तुला सोडायला ते तयार होते. तू वायर घातलीस, पहिला सूर आला, आणि माझ्या अंगावर काटा आला. तो काटा अजून अंगावर असतानाच मी म्हणाले, डब्यासारखा येतोय. मी तुझी काळजी केली नाही, आबांचंही ऐकलं नाही. मला मिळालं नाही ते तुलाही मिळू नये, एवढंच. तू रजेवर आलास की भाऊबीजेला ओवाळताना मी तुझ्या तोंडाकडे बघायचं टाळते, ते तुझ्या लक्षात आलं नसेल.

आणि तीन आठवड्यांपूर्वी कबूल करायला बसले तेव्हाही शेवटच्या पानावर घाबरले. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला पुढे केलं. त्यांना आठवणार नाही, असा हिशेबही मनात कुठेतरी असेल. नव्हता असं लिहायची आता माझी लायकी नाही.

आबांना मी हे सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी हातातला फोन ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "मंजी मी न्हाई सांगितलं?"

"नाही आबा."

"मग बरं." डोळे पुसले, आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले. परत आल्यावर म्हणाले, "मिरजेला तुला धाडायला पायजे व्हतं." तेवढंच. तिथे मला रडू आवरलं नाही, आणि रडायचा हक्क माझा नाही हेही कळत होतं.

येताना एसटीतून भरतेशांना फोन करून तुझं पूर्ण नाव सांगितलं आहे. त्या मागच्या खोलीचं काय करायचं ते तू आणि ते बघा. त्यांना मी हेही सांगितलं की विचारलं तेव्हा मी मुद्दाम गप्प बसले होते.

माफी मागत नाही. मागच्या वेळी मागितली तेव्हा तू लगेच दिलीस, आणि ती ज्या ताईला दिलीस ती खरी नव्हती. पुण्याला जायचं तर जा. पण आबांवर रुसून जाऊ नकोस. त्यांचा फोन उचल. आधी त्यांचा.

आता तू म्हणशील, ही एकदा खोटं बोलली, दुसऱ्यांदा बोलली; म्हाताऱ्याला वाचवायला तिसऱ्यांदाही बोलत असेल. बरोबर आहे तुझं. मी तुझ्या जागी असते तर हेच म्हणाले असते. नानासो त्या वेळी तिथे उभे होते. त्यांचं दुकान आता मुलगा बघतो, पण ते रोज गल्ल्यापाशी बसतात आणि त्यांना सगळं लख्ख आठवतं. मी त्यांना भेटले नाही, फोन केला नाही, तू विचारणार आहेस हेही सांगितलं नाही. दुकानाचा नंबर पाकिटावर लिहिला आहे.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस. त्यांना विचार.

संयोगिता