मॅडमचा सहायक

२३ नोव्हेंबर

सौ. डॉक्टरीणबाईंस,

घरच्या सुताराचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडे तुम्ही दोघी मजेत असाल असं धरून चालतो. पत्रास कारण आहे, पण ते नंतर.

या महिन्यात माझ्या हातून झालं ते असं. तुझ्या जुन्या कॉलेजात शिकवायला लाकडाचे दोन गुडघे आणि एक कोपर. शेजारच्या मास्तरांच्या दाराची चौकट. स्वयंपाकघरातल्या खिडकीला नवी कडी, जिथे तू सुतळी बांधून भागवत होतीस. आणि मुंगीचा पलंग वीतभर लांब केला. जोड असा बसलाय की वरून बोट फिरवलं तरी लागत नाही. पोरगी उंच झाली असेल, पाय बाहेर यायला नकोत.

कोपर मात्र मनासारखं झालं नाही. मास्तर म्हणाले, "अहो, पोरांना काय कळतंय त्यातलं!" मी म्हटलं, "मला कळतंय ना." परत खोलणार आहे.

मुंगीचा फोन रविवारी येतो. वर्गात विचारलं, बाबा काय करतात, तर हिने सांगितलं, "हाडं करतात." बाई म्हणे दचकल्याच. मी पोट धरून हसलो. फोन ठेवल्यावर मात्र घर खायला उठलं.

तू परवा म्हणालीस, "रागावला आहेस का ते एकदा सरळ सांग." फोनवर मला जमत नाही गं. तू घाईत असतेस आणि मी शब्द जुळवत बसतो. म्हणून लिहितो. तुला माहीत आहे तेच लिहीन, पण माझ्या बाजूने मी ते कधी सांगितलं नव्हतं.

तुझ्या त्या परदेशातल्या परिषदेला आपण तिघं किती हौसेने गेलो होतो. लाकडी गुडघ्याची पेटी मी विमानात सोडायला तयार नव्हतो. शेवटी सीटखाली सरकवली आणि सगळा प्रवास पाय आखडून बसलो. पाय पुरता सरळ होताना नडगी जराशी बाहेर वळते, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. मुंगी झोपली की तिचा पाय मांडीवर घेऊन बघायचो. तू म्हणालीस, "हे आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला शिकवतात." मी म्हटलं, "आमच्याकडे पहिल्यालाच!" तेव्हा आपण असं बोलायचो.

सभागृहात घरच्यांना प्रवेश नव्हता. युक्ती तूच काढलीस. नोंदणीच्या टेबलावर माझ्या नावाचा बिल्ला करून घेतलास, 'तांत्रिक सहायक'. मीच म्हणालो, "चला, मॅडम!" मुंगीला मुलांच्या खोलीत सोडलं आणि आपण हसत हसत आत गेलो.

तुझं भाषण सुरू असताना गुडघा सभागृहात हातोहात फिरला. तिथल्या कॉलेजचा तो उंच विभागप्रमुख उठून म्हणाला, "हा केला कुणी?" तू माझ्याकडे हात करून म्हणालीस, "आमच्या सहायकांनी." टाळ्या पडल्या. मी उभा राहून हात जोडले. तू खोटं काहीच बोलली नाहीस. पण मी पुढच्या वाक्याची वाट बघत होतो. तू पाण्याचा घोट घेतलास आणि पडद्यावरच्या पुढच्या चित्राकडे वळलीस.

त्यानंतर जे केलं ते मी केलं. मधल्या सुट्टीत तुझ्याभोवती माणसांचा गराडा, आणि मी मागे पेटी धरून, "मॅडम, पाणी आणू?" तू हसलीस. दुसऱ्या दिवशी हॉटेलात नाश्त्याला, "मॅडम, लोणी?" तू म्हणालीस, "पुरे आता." मी म्हटलं, "बरं, मॅडम." मुंगीने हातातला पाव खाली ठेवला. "बाबा, नको ना." तरी माझं सुरूच. दुपारी नदीत बोटीने फिरलो तेव्हा तू फोटोसाठी जवळ सरकलीस आणि मी तुझी पर्स धरून बाजूला जाऊन उभा राहिलो. फोटोत तुम्ही दोघीच आहात. तोच तिकडे भिंतीवर लावलाय, असं मुंगी सांगत होती.

शेवटच्या दिवशी चहाला घरच्यांनाही आत सोडलं. दाराशी मुंगीने माझी बाही ओढली.

"बाबा, आत गेल्यावर तुला काय म्हणायचं?"

मी म्हणालो, "काही म्हणू नकोस."

आठ वर्षांच्या पोरीला मी असं सांगितलं. आणि तिने ऐकलं. चहा संपेपर्यंत ती बिस्किटं घेऊन तुला चिकटून उभी होती, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

मला वाटत होतं, तू सांगशील. तुला वाटत असेल, हा एकदा हसेल आणि तो बिल्ला काढून टाकेल. वाट बघण्यात दोघंही सारखेच चिवट.

पुढे त्याच लोकांचं तुला नोकरीचं बोलावणं आलं. तू म्हणालीस, "तिघं जाऊ." मी म्हटलं, "हो, माझा बिल्ला तयारच असेल." तू पुन्हा विचारलं नाहीस. मी तुमचं सामान बांधून दिलं. खोक्यांच्या कोपऱ्यांना पत्रा मारला, वाटेत फुटू नयेत म्हणून. इतकं नीट बांधायला नको होतं.

आता कारण. मुंगीच्या शाळेचा कागद पोचला. शाळा संपेपर्यंत तिला तिकडे ठेवायचं तर बापाची सही हवी. सोबत तुझी एक ओळ होती, "तू ये म्हणालास तर आम्ही येतो, पण कारण सांग." मी खूप शोधलं. मला करमत नाही, याहून मोठं कारण सापडलं नाही. आणि गेल्या रविवारी माझ्याशी बोलता बोलता मुंगी तिकडच्या मैत्रिणीशी काहीतरी भराभरा बोलली, दोघी खिदळल्या, मला एक अक्षर कळलं नाही. पोरगी रुजली तिथे. लागलेलं रोप आपल्याला सावली हवी म्हणून उपटायचं नसतं.

सही केली आहे. कागद सोबत आहे.

एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नव्हती. त्या चहाच्या वेळी मी कोपऱ्यात पेटी भरत होतो, तेव्हा तो उंच विभागप्रमुख आपली भाषा येणाऱ्या एका विद्यार्थ्याला घेऊन माझ्याकडे आला. त्यांच्या कार्यशाळेत माणूस हवा होता. म्हणाला, "या मॅडम काय देतात माहीत नाही, आम्ही जास्त देऊ. त्यांना सोडून आमच्याकडे या." मी नाही म्हटलं. त्याला वाटलं घोडं पैशांवर अडलंय, म्हणून त्याने आकडा वाढवला. मी त्या विद्यार्थ्याला म्हटलं, "साहेबांना सांग, यांना सोडून मला राहता यायचं नाही." महिन्याचे चार हजार दोनशे देत होते, तिकडचे, आणि राहायला जागा वेगळी.

तुझा