नादारीवाले, स्टॅण्ड अप

३ ऑगस्ट २०२५, रविवार. सकाळी सात.
नवीन वही. निर्णय झाला आहे. सगळं कर्ज फेडणार. एकूण अठरा लाख चाळीस हजार. तीन वर्षं, फार तर सव्वातीन.

काल हर्षल फोनवर म्हणाला, "ममा, तू इन्सॉल्व्हन्सी फाइल करून टाक, मोकळी होशील." हा माझा एकुलता एक. त्याच्या पुण्यातल्या क्लाउड किचनसाठी मी कर्जं काढली, फ्लॅट विकला, या दोन भाड्याच्या खोल्यांत तात्पुरती आले (दोन वर्षं झाली), आणि तोच मला मोकळी व्हायला सांगतो. याला मराठीत नादारी म्हणतात हे त्याला माहीत नसावं. कॉन्व्हेंटमध्ये घातलं त्याचा परिणाम. मीही कॉन्व्हेंटचीच, पण आमच्या सिस्टर मराठीच्या चुकांनाही छडी मारायच्या.

एकतीस वर्षं मी खामगावात क्लास टीचर होते. ज्यांच्या वडिलांना फी झेपत नाही, त्यांना दर जूनमध्ये फीमाफीचे, म्हणजे नादारीचे फॉर्म वाटायचे. वर्गात शिरल्यावर माझं पहिलं वाक्य: "नादारीवाले, स्टॅण्ड अप." सात-आठ मुलं उभी राहायची. एका फेरीत वाटप संपायचं. गोंधळ नाही, वेळ वाचतो. मी फॉर्म देणारी आहे. घेणारी नव्हे.

पेन्शन चौतीस हजार. हप्ते एक्केचाळीस. तूट फक्त सात. शिवाय घरभाडं, किराणा, बीपीच्या गोळ्या. काटकसर केली की जमेल.

भिमाबाईचे बासष्ट हजार यात धरलेले नाहीत. ते कर्ज नाही, ठेव आहे. भिमाबाई अकरा वर्षं माझ्याकडे भांडी-फरशीला येते. नवरा पितो, म्हणून दर महिन्याला पाचशे-हजार माझ्याकडे ठेवायला देते. नातीला, पूनमला, नर्स करायचंय. मार्चमध्ये मी ते पैसे हर्षलला दिले. पंधरा दिवसांसाठी. पुण्यात पंधरा दिवस मोठे असतात बहुतेक.

५ ऑगस्ट
बँकेची नोटीस. इंग्रजी वाचून अंगावर काटा आला. एका पानात अकरा चुका. 'Your good self has failed miserably to paid.' लाल पेनने दुरुस्त केली, दहापैकी साडेतीन मार्क दिले, स्पीड पोस्टाने परत पाठवली. खर्च एक्केचाळीस रुपये. काही खर्च तत्त्वाचे असतात.

९ ऑगस्ट, शनिवार
दारावर बोर्ड लावला: स्पोकन इंग्लिश, कॉन्व्हेंट ॲक्सेंट. महिना हजार. वीस विद्यार्थी म्हणजे वीस हजार. चाळीस आले तर बॅचेस कराव्या लागतील, खुर्च्यांचा प्रश्न येईल. आजच विचार करून ठेवला.

बोर्ड साडेनऊशे.

१४ ऑगस्ट
पतसंस्थेचा वसुलीवाला इंद्रभान आला. घरात घेतला नाही. तो पायरीवर बसला आणि शेजारच्या शालूबाईंनी त्याला चहा दिला. लोकांना कुठे काय द्यावं कळत नाही. म्हणतो, "मॅडम, कवा देऊन राह्यल्या? साहेब मले बोलतेत." मी म्हटलं, साहेबांना लेखी पाठवायला सांगा. तर म्हणतो, "लेखी पाठवलं त तुमी मार्क देता म्हणतेत."

गावभर झालेलं दिसतं. वाईट काय त्यात?

१८ ऑगस्ट
क्लासला दोघी आल्या. एकीने फी अर्धी करता का विचारलं. सवयीने तोंडातून गेलं, "उत्पन्नाचा दाखला आणलाय?" ती उठून गेली. दुसरी तिची मैत्रीण, तीही गेली.

ऑगस्ट हा तसाही ॲडमिशनचा महिना नव्हे.

२१ ऑगस्ट, गुरुवार
कोर्टाजवळ समीनाच्या ऑफिसात गेले होते. फक्त माहितीसाठी. समीना माझी विद्यार्थिनी, आता वकील. मी आत गेले तशी खुर्चीवरून ताडकन उठली. संस्कार! तिचे अब्बा, अन्वरभाई, टेलर होते. हातावर पोट, पण माणूस स्वाभिमानी. पोरीने नादारीचा फॉर्म एकदाही घेतला नाही. स्टाफरूममध्ये मी उदाहरण द्यायची, फी भरायची इच्छा लागते, ऐपत नव्हे.

ती म्हणाली: पेन्शनवर जप्ती येत नाही. घर नाही, दागिने गहाण आहेत. अर्ज मंजूर झाला तर घेणेकऱ्यांचा तगादा थांबेल. पण कोर्टाला सगळी देणी सांगायची. "एकही लपवायचं नाही, मिस."

मी म्हटलं, मी काय लपवणार? माहिती एका मैत्रिणीसाठी हवी होती.
"हो मिस," म्हणाली. फी घेतली नाही. तेवढी बचत.

२६ ऑगस्ट
हर्षलचा फोन. महालक्ष्म्यांना येतोय! "ममा, काहीतरी करतो मी." काहीतरी म्हणजे निदान लाख. त्यातले बासष्ट आधी भिमाबाईचे. मग समीनाकडे जायची गरजच नाही. बरं झालं घाई केली नाही.

भिमाबाई भांडी घासता घासता विचारत होती, पूनमची नर्सिंगची यादी लागणार आहे, पैसे तयार आहेत ना. मी म्हटलं, बँकेत आहेत. कोणाच्या तरी बँकेत असतीलच.

१ सप्टेंबर, सोमवार
महालक्ष्म्यांचं जेवण. यंदा साधेपणाने: फक्त बावीस पानं. सोळा भाज्या मात्र केल्या, त्यात काटकसर चालत नाही. देवीचे दागिने गोल्ड लोनमध्ये आहेत, म्हणून एक ग्रॅमवाले आणले. शालूबाई मुखवट्यांकडे बघत म्हणाल्या, "यंदा लय चमकून राह्यल्या जी महालक्ष्म्या." जीभ बघा.

हर्षल आला. वाळलाय. चार पुरणपोळ्या खाल्ल्या. दुपारी मला आत बोलावून म्हणाला, ममा, फाइल करशील तेव्हा माझं नाव कुठे येऊ देऊ नको, मी नवीन काहीतरी सुरू करतोय. माझ्या मनःशांतीचा किती विचार करतो! पैशांचं मीच विचारलं नाही. सणासुदीला आईने मुलाकडे मागायचं म्हणजे.

परतीच्या तिकिटाला दोन हजार दिले.

संध्याकाळी भिमाबाई उष्टी काढत होती. तिला पान वाढून दिलं, पुरण जास्त घातलं. म्हणाली, "बाई, पोरीचा नंबर लागला. अकोल्याले. पंधरा तारखेपावतर भरा लागते." तोंडभर हसत होती. मी म्हटलं, अभिनंदन. आणि सर्व्हर डाउन आहे असं म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. तिने सर्व्हर म्हणजे काय ते विचारलंसुद्धा नाही. "हाव," म्हणाली.

५ सप्टेंबर. शिक्षक दिन.
सकाळपासून तीन मेसेज. एक प्रज्वलचा, ८६ची बॅच. एक गॅस एजन्सीचा. एक बँकेचा: 'हॅपी टीचर्स डे, आपला हप्ता थकीत आहे.'

इंद्रभान गुलाब घेऊन आला. दुसऱ्या हातात नोटीस. दोन्हीवर सही मागितली. "फुलाची नाही लागत जी, गंमत केली." मी हसले. मग आत येऊन बसले बराच वेळ.

पेन्शन एक तारखेलाच आली होती. हप्ता कापून खात्यात उरले चारशे बारा.

८ सप्टेंबर
भिमाबाईला सांगायचं ठरवलं. वाक्य तयार केलं: "भिमाबाई, तुमच्या पैशांना थोडा विलंब होईल." स्वच्छ, सभ्य वाक्य. ती आली. मी म्हटलं, कढईचा तळ नीट घासा, काळा राहतो. तिने कढई पुन्हा घासली.

उद्या सांगते.

११ सप्टेंबर, गुरुवार
समीनाकडे. अर्ज करायचं ठरवलं. फेडण्याचा विचार सोडलेला नाही, ही फक्त टेक्निकल पायरी आहे.

तिने अर्ज टाइप करून ठेवला होता. वर ठळक अक्षरात: नादारीचा अर्ज. मी म्हटलं, इन्सॉल्व्हन्सी लिही. ती म्हणाली, मराठी अर्जात शब्द हाच आहे मिस. मी म्हटलं, कानाला कसंतरी लागतं.

ती म्हणाली, "मला पण लागायचा." मग म्हणाली, आठवीत फॉर्म घ्यायला मी उठले नाही. घरी जाऊन अब्बांना सांगितलं, शाळेने या वर्षी फॉर्म दिलेच नाहीत. अब्बांनी शिलाई मशीन विकून फी भरली आणि दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटनं करायला लागले. शेवटपर्यंत तेच.

"पण उठण्यात काय होतं? दोन मिनिटांचं काम," मी म्हटलं.
"दोन मिनिटं नव्हती मिस. फॉर्म वाटून झाल्यावर तुम्ही फळ्याकडे वळायच्या. बसा म्हणायला विसरायच्या. ती मुलं बिचारी पूर्ण तास उभी."

रागाने बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. चहा पुढे सरकवत बोलली. माझ्या वर्गात असं झालेलं मला आठवत नाही. पाठ त्यांच्याकडे असल्यावर आठवणार तरी कसं?

मग तिने देण्यांची यादी वाचली. बँक, गोल्ड लोन, पतसंस्था, कार्ड. अजून कोणी? नाही, म्हटलं. ती पेन धरून नुसती बसली. वर्गात मी अशीच बसायची, खोटं बोलणारं पोर आपोआप बोलायचं. मी म्हटलं, एक ठेव आहे, पण ती ठेव आहे.
"कोणाजवळ आहे मिस ती ठेव, आता?"

पाचव्या नंबरावर भिमाबाईचं नाव लिहिलं गेलं. मी म्हटलं, तिला आधी गुपचूप देऊन टाकू, कुठून तरी आणते. समीना म्हणाली, कुठून? आणि अर्जाच्या तोंडावर एकालाच दिले, तर कोर्ट ते परत मागू शकतं. अर्ज केला तर तिच्या वाट्याला रुपयामागे काही पैसे येतील, तेही आले तर. नाही केला, तर पुढची पेन्शनही हप्त्यापोटी बँकच कापणार.

म्हणजे दोन्हीकडून बुडणार ते तिचेच.

सही केली. माझी सही अजून सुंदर येते.

१२ सप्टेंबर
भिमाबाईला सांगायला गेले, पण ती घाईत होती. पूनमसाठी पांढरे बूट घ्यायचे होते. आता कोर्ट रीतसर नोटीस पाठवेलच. सरकारी भाषेत सगळं स्पष्ट असतं. माझ्यापेक्षा व्यवस्थित सांगेल.

१५ सप्टेंबर
आज शेवटची तारीख होती. भिमाबाई सकाळी सात, दुपारी एक आणि चार वाजता आली. मी तिन्ही वेळा आतून कडी लावून बाथरूममध्ये होते. पोट बिघडलं आहे.

१६ सप्टेंबर
भिमाबाई आली नाही. अंगात कणकण असेल.

४ ऑक्टोबर
नोटिसा गेल्या. शालूबाईंनी मला सगळं सांगितलं, न विचारता. पोस्टमन भिमाबाईच्या दारात गेला तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. पूनमने वाचून दाखवलं. ज्याचे पैसे आपण देणं लागतो त्याला कोर्टाच्या भाषेत धनको म्हणतात. भिमाबाईच्या नावापुढे तेच छापलेलं. बायका हसायला लागल्या, "अवो भिमाबाई, धनको झाल्या तुमी! पार्टी द्या!" भिमाबाईही हसली म्हणे. तिला वाटलं, कोर्टाने पैसे पाठवले. पूनमने पुढचं वाचलं, तेव्हा तिने पोरीच्या हातातून कागद काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला.

काय म्हणाली, मी विचारलं.
"फरशी पुसाले गेली जी, दुसऱ्या घरी."

शब्द चुकीचा आहे. कायदा खात्याला कळवायला हवं. 'धनको' या शब्दाने अशिक्षित वर्गाचा गैरसमज होतो. पत्राचा मसुदा करायला घेतला. दुसऱ्या ओळीत थांबले.

२९ ऑक्टोबर
पूनम बाजारात साड्यांच्या दुकानात दिसली. काउंटरमागे. पायात ते पांढरे बूट. मी पलीकडच्या बाजूने आले. तसाही तिकडे ऊन कमी असतं.

हर्षलचा फोन लागत नाही. नवीन काम, बिझी असणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी चार.
कोर्टाची पहिली तारीख. इस्त्रीची ऑफ-व्हाइट साडी, शाळेतलं घड्याळ. ठरवून गेले होते: शांत, ताठ, मोजकं बोलायचं.

बाकावर जागा एकच होती. शेजारी भिमाबाई. दोन महिन्यांनी बघत होते. चांगलं लुगडं नेसून आली होती, चार घड्यांचा कागद हातात. तीच सरकली थोडी. मी बसले. वाक्य तयार होतं, अगदी ओठांवर. मी म्हटलं, "पूनम कशी आहे?"
म्हणाली, "हाये." मग म्हणाली, "बाई, सही कुठी करा लागते? माहा अंगठाच हाय. अंगठ्याले पैसे देतेत ना?"

मी म्हटलं, अंगठा चालतो. तेवढं एकच खरं मला सांगता येत होतं.

समीना पुढे टेबलाशी कागद लावत होती. दरवाज्यातून कारकुनाने ओरडून विचारलं, "नादारीवाले कोण हाये? उभे राहा."

मी वाट बघत बसले. वाटलं, आता नाव घेतील. नाव घेतलं की उठायचं, अशी पद्धत असते. कोणी नाव घेतलं नाही. भिमाबाईने हलकेच कोपर लावलं.

"बाई, उठा. तुमालेच म्हणून राह्यले."

उठले. जज साहेब कागद वाचत होते. एक पान, दुसरं पान, मग दुसऱ्याच कोणाची फाइल मागवली. पंखा चालू होता. घड्याळात बघितलं नाही, पण गुडघ्यांना वेळ कळतो.

बसा, असं कोणी म्हणालं नाही.