बाबांचा कॅमेरा बंद का आहे

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (गुडघे वगळून, ते हल्ली माझं ऐकत नाहीत). तू, भावोजी आणि पोरं खुशाल असाल. तुझी पाठ कशी आहे? मी बरा आहे. बाबांचं पुढे सांगतोच. फोनवर सांगितलं असतं, पण आपल्या दोन खोल्यांत कुजबुजलेलंही बाबांना ऐकू जातं (छाती गेली, पाय गेले, कान तेवढे शाबूत), आणि दुसरं म्हणजे फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून दुकानात चष्म्यांच्या काउंटरमागे बसून लिहितो आहे. फोटो काढून पाठवतो, झूम करून वाच.

बाबांच्या खोलीतला कॅमेरा बंद का, कॅमेरा बंद का, असं विचारून तू माझं डोकं उठवलं आहेस. सांगतो, पण सगळं सांगतो, आणि मधे तोडायचं नाही (पत्रात तोडता येत नाही, हे पत्राचं मोठंच सुख).

सुरुवात तू केलीस. तिकडे तुझ्या फोनवर चित्र अडखळत येतं म्हटल्यावर तूच शोध लावलास की आपलं वायफाय कोणीतरी चोरतंय, आणि तो चोर बाबांच्या खोलीतही डोकावत असणार. संशय खालच्या मजल्यावरच्या शिंप्यावर. (बाबांना खोकताना बघून त्या बिचाऱ्याला काय मिळणार, हे मी विचारलं नाही. तुला काही विचारायची सोय कुठे आहे?) तू फर्मान काढलंस की सगळ्यात कडक सुरक्षा लाव. मी राउटरचं पान उघडलं. पहिला मोड एकदम खुला, म्हणजे या, बसा, घर आपलंच आहे. दुसरा डब्ल्यूईपी, त्याच्यापुढेच लिहिलेलं की हा वापरू नका (मग ठेवलाय कशाला, शोभेला?). त्यानंतर डब्ल्यूपीए, मग डब्ल्यूपीए-टू, मग थ्री, आणि सगळ्यात खाली टू आणि थ्री यांचा मिश्र. आता थ्री सगळ्यात नवा आणि सगळ्यात कडक म्हटल्यावर मी तोच लावला आणि तुला ऐटीत कळवलं. माझा फोन लगेच जोडला गेला. कॅमेऱ्याने मात्र मान टाकली. तो बिचारा जुना, त्याचं शिक्षण टूपर्यंतच झालेलं. थ्रीची भाषा त्याला कळेना. म्हणजे शिंप्याला हाकलायला गेलो आणि तुलाच घराबाहेर काढलं. शिंप्याचं म्हणशील, तर त्याचं स्वतःचं कनेक्शन आहे, आपल्यापेक्षा वेगवान. हे मला त्याच्यावर यथेच्छ डाफरून झाल्यावर कळलं. माझी पँट उंची कमी करायला त्याच्याकडे आहे. ती आता गुडघ्यापर्यंत येते की काय, याची मला धास्ती आहे.

मिश्र मोड लाव, असं तू म्हणालीस. लावला. नाही चालला. तो विषय सोड.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. कॅमेऱ्यावरचा तो हिरवा दिवा विझला तेव्हा मी खोलीतच होतो. बाबांनी दिव्याकडे बघितलं आणि विचारलं, "गेली का ती?" मी म्हटलं, कोण? म्हणाले, "ताई रे." मी म्हटलं, हो, कॅमेरा बंद पडलाय. तर ताई, बाबा एकदम घसरले. पाठ उशांवरून खाली, मान एका बाजूला, तोंड उघडं. मला वाटलं, संपलं. मी ओरडलो, तर डोळे न उघडता म्हणाले, "ओरडू नकोस. जरा वाकडं होऊ दे मला."

बाबांनी जन्मभर स्टुडिओ चालवला. भांग विस्कटलेल्या गिऱ्हाइकाचा फोटो त्यांनी कधी काढला नाही. खिशातून कंगवा काढून स्वतः त्याचे केस बसवायचे. मान सरळ, हनुवटी खाली, हलू नका. तेच ते स्वतःला सांगत होते, कॅमेरा लागल्या दिवसापासून. तू कधी बघशील याचा नेम नाही, म्हणून दिवा दिसतोय तोवर दिवसभर ताठ बसून. आणि फ्रेम कुठे संपते हे त्यांना सांगावं लागत नाही. थुंकायचं भांडं फ्रेमबाहेर, औषधं फ्रेमबाहेर, खोकला आला की पांघरुणात तोंड, आणि नाकातली ऑक्सिजनची नळी काढून उशीखाली. होय, नळीसुद्धा. दिवसा त्यांच्याजवळ असतात त्या बाईंना त्यांनी सांगितलं होतं की मुलाने डॉक्टरांना विचारलंय, दिवसा नळी लागत नाही. तू मला फोन करून म्हणायचीस, किती छान बसलेत, हसतायत, तू उगाच घाबरवतोस. मलाही ते पटायचं, कारण पटून घेतलं की निवांत दुकानात येता यायचं.

मी बाबांवर फार चिडलो. आजारी माणसावर ओरडू नये तितकं ओरडलो, आणि मग तिथेच पलंगाच्या कडेला बसून रडलो. ते मला म्हणाले, नाक पूस. आता नळी लावलेली असते. ते दिवसाही झोपतात. चांगले दिसत नाहीत, ताई. अजिबात चांगले दिसत नाहीत.

भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मिश्र मोड चालतो. पहिल्याच खेपेला कॅमेरा जोडला गेला, दिवा लागला आणि बाबांचा हात नळीकडे गेला. मी परत थ्री लावला. काय शिव्या द्यायच्या त्या दे, तो आता बदलणार नाही.

आणखी एक. तूच ये. त्यांना आधी कळवू नकोस, नाहीतर दाढी, इस्त्रीचा सदरा आणि खुर्ची यात उरलीसुरली ताकद घालवतील. सरळ दार उघडून आत ये आणि जसे असतील तसे बघ. डॉक्टरीणबाई नक्की काहीच सांगत नाहीत. काल जाताना दारात थांबून एवढंच विचारलं, की आणखी कोणी यायचं आहे का. मी हो म्हणून बसलो आहे.