मी दिलेली लांब दोरी

बाबा, तुमच्या थोरलीचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवते वेळेवर. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या जहाजावरचे म्हातारे खलाशीकाका लाटेने कठड्यापलीकडे फेकले गेले, पण छातीच्या पट्ट्याला बांधलेल्या दोरीमुळे वाचले, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. कप्तानांनी माझी पाठ थोपटली, तेही लिहिलं. एक गोष्ट मात्र लपवली.

पट्टे आणि दोऱ्या वाटायचं काम माझं. त्या सकाळी काका म्हणाले, "पोरी, म्हशीसारखं आखूड बांधतेस होय? कामाला हात तरी पोचू दे!" दोरी आखूडच ठेवायचा नियम मला पाठ होता, तरी भिडेखातर मी लांब दोरी दिली. आखूड असती तर ते डेकवरच पडले असते. लांब दोरीने ते बाहेर लोंबकळले आणि जहाजाच्या अंगावर आपटत राहिले. तीन बरगड्या मोडल्या.

तरी अंथरुणातून सगळ्यांना सांगतात, "हिच्यामुळे जगलो." मला तिथे उभं राहवत नाही.

आज सगळं खरं लिहून कप्तानांना दिलं. कदाचित घरी पाठवतील.

माझं कौतुक तुम्ही गल्लीभर सांगितलं असणारच. आता हेही सांगा.

तुमचीच,
थोरली