ओसरीवरचं कॉलेज

९ जून १९३६
मॅट्रिकचा निकाल. आमच्या कन्याशाळेच्या दोन्ही मुली पास. मालती थर्ड क्लास, गोदा सेकंड. मालती वकिलांची, तिच्या घरी पेढे तयारच असणार. गोदा संध्याकाळी वडिलांना घेऊन आली. विठोबाजी दिवसभर मागावर बसणारा माणूस, पायरीच्या वर येईना. "बाई, पास झाली म्हंतेत. मंग आता पुढं काय राहते?"
"कॉलेज," मी म्हटलं.
"तिथं काय करतेत?"
मी स्वतः कॉलेजात एक दिवससुद्धा बसलेली नाही. हे गेल्यावर बी. ए. घरी बसून केलं, परीक्षेला तेवढी गेले. तेच सांगितलं. विठोबाजी म्हणाले, "मंग तुमाले बी पाहाच लागन."

११ जून
इतवारीच्या पलीकडे गोदाच्या घरी गेले. माग खोलीभर. गोदाची आई पार्वतीबाई कांड्यांवर सूत भरत होती, हात थांबला नाही. मला वाटलं होतं लग्नाचं काढेल. नाही काढलं. विचारलं ते असं: पोरी कुठं बसतेत? पोरांच्या मधात? पानी प्याचं असन तर? डोक्यावर पदर लागते का?
"पाहून येते आणि सांगते," म्हटलं.
"पाहून या," ती म्हणाली. "मी नाई म्हनून नाई राहिली. पन अंधारात पोरगी कशी धाडू?"
निघताना शेजारचे दोघेतिघे दारात उभे. त्यांच्या मुली आमच्याच शाळेत, खालच्या वर्गात. एकजण विठोबाजींना म्हणाला, "तुया पोरीचं काय होते ते पाहू, मंग आमच्या पोरींचं बोलू." हसत म्हणाला, पण खरंच म्हणाला.
म्हणजे गोदा एकटी जात नाहीये. हे तिला सांगायचं नाही. मोकळ्या मनाने जाऊ दे.

१३ जून
दोघींना घेऊन कॉलेज पाहिलं. सुटी, सगळं बंद. चपराशाने कुरकुरत एक हॉल उघडला. मुलींचा बाक पुढे, खिडकीशी. मुलींची वेगळी खोली, तिच्यात माठ, आरसा, खिळ्यांना छत्र्या. मालती सरळ प्लॅटफॉर्मवर चढली, "जंटलमेन!" म्हणाली आणि आपल्याच आवाजाला दचकली. केवढा घुमला. गोदा बाकावर बसली, हात मांडीवर. बराच वेळ बसली. मीही शेजारी बसले. कुणाला सांगणार नाही, पण मला बरं वाटलं.
संध्याकाळी पार्वतीबाईला सगळं सांगितलं. माठ ऐकून तिचा चेहरा जरा सैल झाला.

१६ जून
नावं घातली. दोघी आर्ट्सला. इंग्रजी, हिस्टरी, संस्कृत आणि लॉजिक म्हणून एक नवं.
आज भलतंच लक्षात आलं. शाळेत आम्ही सगळं मराठीतून शिकवतो. कॉलेजात सगळं इंग्रजीतून, तेही बोलून. या मुली इंग्रजी वाचतात, लिहितात, पण ऐकलंय कुठे? हिस्टरीचं एक पान मी भरभर वाचलं, म्हटलं लिहून घ्या. मालतीने निम्मं घेतलं, तिच्या घरी वडिलांचे अशील इंग्रजीत भांडतात. गोदाच्या कागदावर फक्त 'किंग'.
"बाई, राजा समजला. त्यानं काय केलं ते गेलं."
रडवेली नव्हती. पण मला झोप येईना.

१८ जून
जेवताना मामंजींपाशी बोलले. ते म्हणाले, "मी बोलतो की. मला काय काम आहे?"
सासरे माझे रेल्वेत गार्ड होते. सगळा जन्म गोऱ्या ड्रायव्हरांशी वाद घालण्यात गेला. त्यांचं इंग्रजी मालगाडीसारखं, एक डबा दिसला तर दहा निघून गेलेले. आणि मध्ये मध्ये न लिहिण्यासारखे शब्द. मी म्हटलं, "मामंजी, मुली आहेत."
"ते शब्द मी मनात म्हणीन."

१९ जून
पहिलं लेक्चर, आमच्या ओसरीवर. मामंजींनी उन्हाळ्यात जुना गार्डाचा कोट चढवला. विषय: मालगाडी कशी जोडतात. "फ्रॉम नाऊ, नो मराठी!" मुली आधी हसल्या, मग लिहायला लागल्या, मग हात टेकले. मामंजी थांबेनात. मी खुणावलं तर म्हणाले, "प्रोफेसर इज नॉट युवर अंकल!"
सगळं झाल्यावर गोदाला विचारलं, काय कळलं?
"घामानं आजोबांचा कोट भिजला, हे समजलं."
मामंजी एवढे हसले की खोकला आला.

२६ जून
रोज येतात. गोदाने आपली एक रीत काढली आहे: इंग्रजी ऐकायचं, मराठीत टिपायचं, तेही अर्धे अर्धे शब्द. मी म्हणत होते इंग्रजीतच घे. तिने ऐकलं नाही. तिचं बरोबर असावं. आज सिग्नलवरचं लेक्चर तिने घरी जाऊन पुन्हा इंग्रजीत लिहिलं. चुका भरपूर, पण गाडी वेळेवर पोहोचली (मामंजींचे शब्द).
विठोबाजी न्यायला आले होते, खाली उभे राहून ऐकत होते. "मले एक शब्द नाई समजला. पन पोरगी हासून राहिली होती."

७ जुलै
कॉलेज सुरू. काल पहिला दिवस. मालती धावत आली, हे असं अन् ते तसं, प्रोफेसरांचे गाऊन, मुलींची अंताक्षरी. गोदा मागून आली. "चांगलं आहे." बस. थकली असेल.

१७ जुलै
मालती एकटी आली. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मग सांगितलं. गोदा लॉजिकच्या तासाला बसतच नाही. मुलींच्या खोलीत बसून राहते.
झालं असं. प्रोफेसर दक्षिणेकडचे, तरुण, फार भरभर बोलतात. शिकवताना मध्येच यांच्या बाकाकडे वळून काहीतरी विचारलं, नाव घेऊन. गोदाला आपलं नाव तेवढं ऐकू आलं. उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "प्रेझेंट सर!" हजेरी केव्हाच होऊन गेली होती. सगळा वर्ग हसला. प्रोफेसरही. दुसऱ्या दिवसापासून ही जिन्यात दिसली की मागून पोरं, "प्रेझेंट सर".
मालती म्हणाली, "बाई, मीपण हसले. आधी."

१८ जुलै
गोदाला शाळेत बोलावून घेतलं. रागावले नाही. तीच बोलली, आणि नेहमी माझ्याशी शाळेतली भाषा बोलते ती आज घरची बोलली. "मले ऐकू येते बाई. पन समजाच्या आत दुसरं येते. ते समजून घेतो त तिसरं. मी मुकाट बसून राहतो, अन् त्याइले वाटते समजलं."
"वडिलांना सांगितलंस?"
"नाई. ते रोज विचारतेत, आज काय शिकवलं. मी आजोबांचे सिग्नल सांगतो."
मग हळूच, "बाई, मी सोडून देऊ का?"
शेजारच्या त्या मुलींचं जिभेवर आलं होतं. गिळलं. ते ओझं टाकलं असतं तर ती उद्या गेलीही असती, पण भीतीने गेली असती. एवढंच म्हटलं, "सोमवारी मी येते तुझ्याबरोबर. तासाला."

२० जुलै
मोठ्या बाईंनी अर्धी सुटी दिली, कारण विचारलं नाही. प्रोफेसरांना दारातच गाठून परवानगी मागितली. गोंधळले, पण "सर्टनली, मॅडम." शेवटी मी कॉलेजात बसले! गोदाच्या शेजारी, खिडकीशी. मागे खसखस झाली, मी वळून पाहिलं. शाळेत पाहते तसं. थांबली.
तास सुरू. आणि मला निम्मं कळलं नाही!
खोटं नाही लिहीत. बी. ए. मी, आणि वाक्य सुरू झालेलं कळे, संपलेलं कळेना. मिडल टर्म म्हणाले, मी मिडल तेवढं धरलं. तास संपला तेव्हा माझ्या कागदावर मोकळी जागाच जास्त.
बाहेर गोदा विचारते, "समजलं ना बाई तुम्हाला?"
"निम्मं."
"खरं?"
"निम्म्याहून कमी."
आधी ओठ दाबले, मग हसू फुटलं, रस्त्यात, पदर तोंडाला लावून. मलाही आवरेना. एक टांगेवाला वळून पाहून गेला. मग महाराजबागेत झाडाखाली बसलो आणि तिचं निम्मं अन् माझं निम्मं जोडलं. पुष्कळ जमलं. मला सुटलेलं तिला सापडलं होतं, हे दोन ठिकाणी तरी झालं.

२३ जुलै
गो. तासाला बसते आहे. आज म्हणाली, प्रोफेसरांनी अवघड शब्द फळ्यावर लिहिले तर पुष्कळ सोपं जाईल. "बाई, तुम्ही सांगा ना त्यांना."
"नाही. मी काही रोज येणार नाही तिथं."
गेली, तोंड बारीक करून. चुकलं का माझं? सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं. मामंजी म्हणाले, गार्डाने इंजिनात चढायचं नसतं. बरं.

२९ जुलै
मालती आली ती ओसरी चढायच्या आधीच ओरडत, "बाई, गोदा बोलली!"
तासाच्या मध्ये उभी राहिली. वर्ग तयारच होता हसायला. ही म्हणाली, "सर, प्लीज राईट द हार्ड वर्ड्स ऑन द बोर्ड. वुई कॅनॉट कॅच." प्रोफेसर म्हणाले, "वुई? हू इज वुई?" गोदा उभीच. मालती म्हणते, मग मी उभी राहिले (हे तिने दोनदा सांगितलं). मग मागून एक मुलगा, खापा गावचा, "मी टू, सर." मग काटोलचा एक. मग बाकं वाजायला लागली, निम्मा वर्ग उभा. सगळे मराठी नाही तर हिंदी शाळांतले! सगळे मुकाट बसत होते, आणि जो तो समजत होता की आपल्यालाच येत नाही. प्रेझेंट सर म्हणणारेसुद्धा.
प्रोफेसरांनी खडू शोधला. खडू नव्हता. चपराशी पळाला.
गो. मात्र घरी गेली सरळ. इथे आली नाही. वडिलांना सांगायला गेली असेल. असंच हवं.

९ ऑगस्ट
खाप्याचा तो मुलगा, माधव, आज दारात. "इथं आजोबा इंग्रजी बोलतात म्हणे? आम्ही आलो तर चालेल काय?" आम्ही म्हणजे तो आणि काटोलवाला. मामंजी खूष. मी अडकले. मुली आणि मुलं एका ओसरीवर, आजूबाजूला लोक आहेत. आणि इतवारीत काय बोलतील?
पार्वतीबाईला विचारून येते म्हटलं.

१६ ऑगस्ट
पार्वतीबाईने तोड काढली. स्वतःच आली, चरखा आणि कांड्यांची टोपली घेऊन. खांबाला टेकून बसली, एका बाजूला मुली, दुसऱ्या बाजूला मुलं, मध्ये ही आणि तिचा चरखा. चरख्याची घरघर, त्यावर मामंजींचा आवाज चढलेला. मुलांची मान वर होत नव्हती.
लेक्चर संपल्यावर म्हणते, "बुढा सारखं ब्रेक ब्रेक काहून म्हंते?" गोदाने समजावलं. "म्हंजे थांबवाचं. मंग तसं म्हनाव ना." सगळे हसले, तीही.

१९ ऑगस्ट
पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक झाली. शाळेत खालच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील आले होते, इतवारीचे, त्या दिवशी दारात हसून बोललेले तेच. मुलीचं नाव काढणार की काय म्हणून धसकले. विचारत होते, मुलीला इंग्रजीची वेगळी शिकवणी आतापासून लावावी का.
तिच्या मॅट्रिकला अजून तीन वर्षं आहेत.

५ ऑक्टोबर
सहामाहीचा निकाल. गो. हिस्टरीत चांगली, संस्कृतात पहिली, इंग्रजीत बरी. लॉजिकमध्ये नापास. मालती सगळ्यांत काठावर पास, आणि तिलाच जास्त वाईट वाटतं आहे.
विठोबाजी आले. या खेपेला पायरी चढून ओसरीवर बसले. "बाई, नापास म्हंजे काय समजाचं आता? घरी बसवाचं?"
मी बोलायच्या आधी गोदाच म्हणाली, "नाई बाबा. ही मधातली परीक्षा होय. वार्षिक पुढं आहे."
"पक्कं?"
"पक्कं."
"मंग ठीक," म्हणून ते उठले. तिच्याकडे पाहून, माझ्याकडे नाही. हे मी लिहून ठेवते आहे.

८ ऑक्टोबर
गो. स्वतः जाऊन प्रोफेसरांकडून आपला पेपर घेऊन आली. कुठे कुठे चुकलं ते मामंजींना समजावून सांगत होती. मामंजींना लॉजिक येत नाही, पण मान हलवतात.

१८ ऑक्टोबर
आज सगळे गेल्यावर गो. मागे राहिली. काहीतरी मनात. "बाई, रागावणार नाही ना? इंटर झाल्यावर बी. ए. ला मला लॉजिक अन् फिलॉसफी घ्यायचं आहे."
मी म्हटलं, "गोदा, तू त्याच विषयात नापास आहेस."
"हो ना."
"संस्कृतात पहिली आलीस. संस्कृत घेतलंस तर शाळेत नोकरी सहज..."
"संस्कृत पाठ होतं, बाई. लॉजिकमध्ये आपण कुठं चुकलो ते सापडते. कोणी मोठ्यानं बोललं म्हणून ते खरं होत नाही. त्याचं बोलणं फळ्यावर मांडून पाहिलं की त्याचीसुद्धा चूक सापडते. प्रोफेसरांची परवा सापडली मला."
"सांगितलीस त्यांना?"
"हो. त्यांनी परत वाचून पाहिलं. मग पुसून पुन्हा लिहिलं."
मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. संस्कृतात तिचं आयुष्य सुखाचं गेलं असतं असं वाटतं. लॉजिक शिकलेल्या बाईला कोण विचारतं आणि कशाला, मला माहीत नाही. पण कॉलेजात बाई कुठे बसते हेही जूनपर्यंत मला माहीत नव्हतं.
उद्या सकाळी विठोबाजी येणार आहेत. गो. ने त्यांना सांगून टाकलंय, आणि ते माझ्याकडून ऐकणार आहेत, लॉजिक म्हणजे काय असते. मामंजींना विचारलं, काय सांगू? ते म्हणाले, पोरीलाच सांगू दे, तू फक्त चहा कर.
तेच करीन म्हणते. पण एक प्रश्न माझाही आहे, तो मात्र चहा देताना गोदालाच विचारीन: ते मिडल टर्म म्हणजे काय?