आपल्या बाजूची ऐंशी पावलं

३ फेब्रुवारी १९८६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीच्या गुडघेदुखीला उतार पडला हे वाचून बरं वाटलं. आईला म्हणावं, तुझी धाकटी अजून काडीसारखीच आहे, काळजी चालू ठेव.

आता नको ते लिहिते. आपल्या नदीचा अहवाल करायचं काम कचेरीत माझ्याच टेबलावर आलं आहे. गाळ साठून वाळूचे पट्टे वर आलेत, तुझी होडी रोज त्यांच्यावर घासते, तुला मी काय सांगणार! उपाय तीन. पहिला, दरवर्षी वाळू उपसायची. पण दोन पुरांत ती पुन्हा येऊन बसते. दुसरा, दगडी भिंती घालून पात्र अरुंद करायचं, म्हणजे धारेला जोर येतो आणि ती गाळ आपणच वाहून नेते. पण ती जोरातली धार पलीकडच्या वळणावर आदळेल. तिसरा, आपल्या बाजूचा बांध ऐंशी पावलं मागे घ्यायचा. नदीला पसरायला जागा मिळते, पट्टे राहतात, पण पूर कुणाला मारत नाही.

वर्षभर मोजमापं केली. तिसराच खरा. त्या ऐंशी पावलांत अकरा घरं आहेत, त्यात आपलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते आहे. रागाव, पण उत्तर लिही.

तुझी,
चिमणी

११ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

शाबास. बाबांनी तुला शिकवलं ते घरावर नांगर फिरवायला, हे ठाऊक असतं तर तुलाही होडीवरच बसवलं असतं.

आईला दिसत नाही हे तू विसरलीस का? भिंत चाचपत ती सतरा पावलांत चुलीशी जाते, नऊ पावलांत अंगणात. दुसऱ्या घरात नेली तर ती जिवंतपणी हरवेल. तुझ्या अहवालात याला रकाना आहे का?

पलीकडच्या वळणावर आहे कोण? होड्या बांधणारा आपला बोका, त्याची बायको आणि पडीक जमीन. परवा मी सहज विषय काढला, तर हसून म्हणाला की नदी दारात आली तर होडी ढकलत न्यायचा त्रास वाचेल.

आकडे तुझेच आहेत ना? थोडे इकडचे तिकडे केलेस तर नदीला काय कळणार आहे? आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे आईसाठी मागतो.

दादा

२ मार्च

ती. दादास,
सा. न.

केलं. पलीकडच्या काठाची माती भुसभुशीत आहे. मी तिथे 'कठीण' असं लिहिलं. एवढ्या एका शब्दानं दुसरा उपाय वर गेला. साहेबांनी पान उलटलं, चहाचा घोट घेतला आणि सही केली.

आता माझ्यासाठी एक कर. बोक्याला वळणावरून आत सरकायला सांग. कारण विचारलं तर वाटेल ते सांग, पण पुढच्या पावसाळ्याआधी सांग.

आईच्या पायांना हात लावून माझा नमस्कार कळव.

चिमणी

१९ सप्टेंबर १९८७

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

आईच्या बाराव्याला तू येऊन गेलीस, त्यानंतर हे पहिलं पत्र. घर राहिलं, तीच राहिली नाही.

पुराचं तू कचेरीत ऐकलं असशील. मी डोळ्यांनी पाहिला. दुपार होती, लख्ख ऊन होतं, पाऊस कुठे तरी वर पडलेला. आपली भिंत जागची हलली नाही. सारं पाणी तिला घासून बाणासारखं सुटलं आणि वळणावर घुसलं. काठ भाकरीसारखा तुटत होता. बोका बाहेर पळाला. बायको त्याची हत्यारं आणायला आत वळली. ती तिसऱ्या दिवशी खालच्या पट्ट्यावर सापडली.

मी त्याला सांगितलं नव्हतं, चिमणे. दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो. कारण काय सांगू ते सुचेना. सांगितलं तर उद्या गावभर होईल, भिंतीचं काम थांबेल, असं वाटलं आणि इकडचं तिकडचं बोलून परतलो.

चौकशीचे साहेब आले होते. तू सगळं स्वतःवर घेतलंस, माझं नाव काढलं नाहीस, हे त्यांच्याकडूनच कळलं. घरच्या कुणी गळ घातली होती का, असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणालो आणि सही केली.

बोका आता आईच्या खोलीत राहतो. जेवताना तो तुला शिव्या देतो आणि मी त्याला वाढत असतो. वहिनी ताट सोडून उठते. त्याला खरं सांगू का? तू म्हणशील तसं करतो.

दादा

१ ऑक्टोबर

ती. दादास,
नमस्कार.

मला कामावरून काढलं. इथल्या शाळेत गणित शिकवते. मुलं चांगली आहेत.

बोक्याला काही सांगू नकोस. खरं कळलं तर तो त्याच पावली निघून जाईल, आणि त्याला दुसरं छप्पर नाही. शिव्या देऊ दे. निम्म्या तर माझ्याच आहेत. उरलेल्या निम्म्या तू रोज जेवताना ऐक. साहेबांसमोर खरं बोलायचं होतंस ते माझ्या परवानगीशिवाय बोलायचं होतंस. आता विचारून काय उपयोग?

त्याला पोटभर वाढ. वहिनीला जप. आणि मला पत्र लिहू नकोस. लोभ आटला नाही, दादा, पण तुझ्या अक्षरातलं पाकीट आता माझ्याच्यानं उघडवत नाही.

चिमणी