सतरा नंबरचा अर्धा फॉर्म

४ एप्रिल, सोमवार

फॉर्म आले. अकरा पानं. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांना कशाची गरज आहे ते विचारायचं आणि शेवटी प्रत्येकापुढे लिहायचं : गरज कमी, मध्यम की जास्त. ‘जास्त’ असेल त्याला नर्सची घरभेट, सकस आहार, गोळ्यांच्या सेंटरला यायचं भाडं. जागा मोजक्याच.

संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, “सुषमाताई, भावनेच्या भरात सगळ्यांना जास्त देऊ नका हं.” बावीस वर्षं शाळेत पेपर तपासले मी. राग आला, गिळला.

माझ्याकडे वाळूजच्या बाजूची वीस घरं. नावं कुठंच लिहायची नाहीत, नुसते नंबर. मग इथंही नंबरच.

६ एप्रिल, बुधवार

रांजणगावपासून सुरुवात, नं. १७. पत्र्याची एक खोली, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली ओळीनं रिकामे ड्रम. बाई एकतीस वर्षांची, एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. नवरा कंपनीत होता, दोन वर्षांपूर्वी गेला. गल्लीत सांगितलंय की कावीळ झाली होती. आठ वर्षांची मुलगी, तिची टेस्ट निगेटिव्ह. आणि सासू.

चौथ्या प्रश्नाला होतो. ‘घरात आजाराबद्दल कोणाला माहिती आहे?’ १७ म्हणाली, “कुणालाच नाय. म्हातारीला तर आजिबात नाय.” तेवढ्यात म्हातारीच दारात, कमरेवर रिकामा हंडा. “ह्या कोण?”

नियम असा की, ‘आरोग्याची माहिती घेतोय’ एवढंच म्हणायचं. मी तोंड उघडायच्या आत १७ म्हणाली, “पाण्याच्या सर्व्हेच्या बाई हायेत.”

मी मान हलवली. म्हणजे हललीच ती.

चहा होईपर्यंत दारात आठ बायका. पुढे शांताबाई, कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे त्यांची, गल्लीचा कारभार त्यांच्याकडेच. “ल्हा बाई, माझे ड्रम तीन. टँकर चौथ्या दिवशी येतंय, त्यातबी अर्धी गल्ली कोरडी ऱ्हाती.” नाही म्हणता आलं असतं. वहीच्या मागच्या पानावर अठ्ठावीस घरं लिहून घेतली. फॉर्म तसाच राहिला.

७ एप्रिल, गुरुवार

१७ आज गोळ्या न्यायला सेंटरवर येणार होती, म्हणून पुढचा फॉर्म तिथंच बाकावर बसून भरला; चौथा प्रश्न आणि सही तेवढी राहिली. डब्यातून गोळ्या जास्त निघाल्या. मागच्या महिन्यात नऊ दिवस चुकल्यात.

फॉर्मवर कारणं छापलेली आहेत : विसर पडणे, त्रास होणे, अंतर, पैसे, इतर. तिनं जे सांगितलं ते ह्यातलं कुठलंच नाही.

गोळी रात्री आठची. घरात खोली एक, सासू सतत समोर. म्हणून ही रोज आठला हंडा घेऊन हापशावर जायची, त्या वेळी तिथं कुणी नसायचं. गोळी पदराच्या गाठीत. हंडा भरेपर्यंत ओंजळीभर पाण्याबरोबर गिळून व्हायची. फेब्रुवारीत हापसा आटला. आता रात्री बाहेर पडायचं काय निमित्त? टँकर येतो तेव्हा गल्लीच्या गल्ली तिथं.

“दोनदा मोरीत बसून कोरडीच गिळली बाई. घशात आडकली. म्हातारी म्हनली, काय खाल्लंस गं चोरून?”

तीन वर्षं एक गोळी न चुकवणारी बाई. ह्या गोळ्या अशा चुकत राहिल्या तर पुढे लागू पडत नाहीत, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, पाणी आपल्या मुद्द्यांत येत नाही, ‘इतर’मध्ये टाका. टाकलं. ‘इतर’ला मार्क नाहीत.

८ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. आमच्याकडे सिडकोत तिसऱ्या दिवशी का होईना नळ येतो, मी टाकी भरून ठेवली. अंगणात पाणी मारताना मधेच थांबले.

ह्यांना झालं ते सांगितलं (नंबरसुद्धा न सांगता). जन्म कचेरीत गेला ह्यांचा. म्हणाले, “एक खोटं झाकायला दहा लागतात. तू आता दुसऱ्यावर आहेस.” पुरणपोळी गोड लागली नाही.

११ एप्रिल, सोमवार

सकाळी फोन. “पाणीवाल्या बाई का?” शांताबाई. १७च्या मोबाइलमध्ये माझा नंबर त्या नावानं आहे, तिथून घेतला. “जयंतीला तरी टँकर येऊ द्या. खीर करायचीय आमाला, पाव्हणे येत्यात.” बघते म्हणाले. बघते म्हणजे काय, माझं मलाच कळेना. ह्या देशात वहीत नाव लिहून घेणं म्हणजे वचनच असतं.

दुपारी खरंच पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेले. स्वच्छ अक्षरात अर्ज, सोबत अठ्ठावीस घरांची यादी. टेबलावरचा माणूस म्हणाला, “मॅडम, आप कौन? तिथं राहता का?” नातेवाईक राहतात म्हणाले. तिसरं खोटं. शिक्का मारून घेतला.

१३ एप्रिल, बुधवार

आल्या आल्या लिहायला बसले.

१७ला ह्या आठवड्यात किती गोळ्या चुकल्या ते विचारायला गेले. फोनवर तिला बोलता येत नाही. गल्लीच्या तोंडाशीच शांताबाईंनी अडवलं. काल पंचायतीचा कुणी माणूस येऊन सांगून गेला, असला सर्व्हे चालूच नाही म्हणून. “मंग तुमी कोन हो? कार्ड दावा.”

कार्ड पर्समध्ये. त्यावर संस्थेचं नाव, शेजारी ती लाल रिबिन. गल्लीतल्या पोराटोरांनाही ती रिबिन कशाची ते कळतं, शाळेत पोस्टरं लावतो आम्हीच. बायका गोळा झाल्या. १७ दारात उभी, चेहरा पांढराफटक. मी पर्सवर हात दाबून धरला. वर्गात कधी मला कुणी कार्ड मागितलं नव्हतं.

म्हातारी बाहेर आली. सावकाश चालत मधे येऊन उभी राहिली.

“कार्ड कशाला मागतीस शांते? आमच्या गावच्या मास्तरीणबाई हायेत ह्या. माझ्या लेकाला शिकवलंय. म्याच म्हनलं, पाण्याचं लिवून न्या, साहेब लोकाला तुमचं आक्षर कळंल.”

शांताबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “मंग आधी सांगायचं की वो.”

मी तिच्या लेकाला कधी पाहिलेलंही नाही. मी मास्तरीण होते हे हिला कसं कळलं, कोण जाणे.

रिक्षापर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, “गोळ्या हारबऱ्याच्या डाळीच्या डब्यात आस्त्यात. ती ठिवती, वरून डाळ म्या सारखी करती.”

मी चालत राहिले. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, असं शिकवलंय.

“पोरानं मरायच्या आदी सांगितलं मला. त्याच्यापासनंच तिला आलं. माझ्याच लेकानं दिलं, कोनच्या तोंडानं तिला म्हनू, मला म्हाईत हाय? तिला कळलं तर ती शरमेनं ऱ्हायची नाय. नातीला घिऊन माह्येरी जाईल. मंग मला कोन हाय?” नंतर माझं मनगट धरून, “सांगू नका बाई.”

नाही सांगणार म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून म्हणाले, “रोज रात्री आठ वाजता दहा मिनिटं घराबाहेर बसाल का?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “आठला?”

“आठला.”

म्हणजे मी सांगितलंच सगळं. नोकरी जावी इतकी मोठी चूक. पण पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा तेच बोलेन, असं आत्ता तरी वाटतंय.

१४ एप्रिल, गुरुवार

शांताबाईंचा फोन, मागे गाणी जोरात. टँकर आला, दोन आले. “बाई, तुमच्यामुळं. खीर खायाला या.” माझ्या अर्जानं आला की जयंती म्हणून आला, देव जाणे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. तरी बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

गेले नाही.

१९ एप्रिल, मंगळवार

नं. १८, १९. दोन्ही भरले, दोन्ही ‘मध्यम’. ऊन फार. १७चा फॉर्म पिशवीतच.

अडलंय ते चौथ्या प्रश्नाशी. ‘कोणाला माहिती आहे?’ फॉर्म पूर्ण झाला की त्या व्यक्तीला वाचून दाखवायचा, मग सही. ‘सासू’ लिहिलं तर १७ला कळणार. शिवाय घरात आधार आहे म्हणून गरज ‘कमी’ होणार. ‘कोणी नाही’ लिहिलं तर तिच्या दृष्टीनं खरं, माझ्या हातून खोटं. म्हातारीला शब्द दिलाय.

दोघी एका खोलीत, एकमेकींपासून एकच गोष्ट लपवतायत. त्या लपवण्यापायी गोळ्या चुकतायत. आणि दोन्हीकडचं ठाऊक असलेली मी एकटी. चीड येते. कोणाची, ते नीट सांगता येत नाही.

२५ एप्रिल, सोमवार

मॅडमनी विचारलं, वीसपैकी एक कुठंय? म्हणाले, एका उत्तराची खात्री करायचीय. दहा मेपर्यंत मुदत.

५ मे, गुरुवार

१७ गोळ्या न्यायला आली. मोजल्या. दोनच जास्त, त्याही १३ तारखेच्या आधीच्या म्हणाली; नंतर एकही चुकली नाही. मला इतका आनंद झाला की दोनदा मोजल्या.

ती मात्र खूश नाही. बाकावर पदर पिळत बसली.

“बाई, म्हातारी रोज आठला बाहीर जाऊन बसती. गिरणीच्या पायरीवर. आदी कदी जात नव्हती. धा मिन्टं म्हंजी धा मिन्टं, मंग खोकत येती. खोकला नसतोय तिला. दारात आली की खोकती.” मग आवाज खाली आणून, “तिला कळलं आसंल का?”

माझ्या मांडीवर फॉर्म होता. चौथ्या प्रश्नापुढची जागा कोरी.

खोकायला मी सांगितलं नव्हतं. ते म्हातारीचं तिचं.

शिकवलेला प्रश्न आहे एक, अशा वेळी विचारायचा. तोच विचारला. “कळलं असेल तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?”

तिनं पदर सोडला. “हाकलायची नाय. तशी नाय ती. पोरीलाबी जीव लावती.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पन माझ्या हातचं पानी पिल का हो ती? तेवढंच सांगा. पित आसंल तर मी आज जाऊन सांगते तिला समदं.”

दोन वर्षं पितेय. रोज. सगळं माहीत असून. हे माझ्या ओठांवर आलं. मनगटावरचा म्हातारीचा हातही आठवला.

“बाई?”

तेवढ्यात आतून तिचा नंबर पुकारला. ती उठली, चपला घातल्या, आणि मी बोलेन म्हणून तशीच उभी राहिली.